डेपोवाल्याच्या मांडवातला अंधार

घासलेटचं नाव निघालं की मला आजही आधी त्या डेपोवाल्याचं तोंड दिसतं. मी म्हातारी झाले, पण त्याच्यावरचा माझा राग काही म्हातारा झाला नाही.

आमचं गाव कळंबच्या अलीकडं, मांजरेच्या काठाला. राज्य निजामाचं. वडिलांचा बैलघाणा होता. करडईचं तेल खायला आणि करंजाच्या बियांचं दिव्याला. करंजाचं तेल कडू, जळताना उग्र वास सुटतो, पण पणती बराच वेळ चालते. आसपासच्या सात-आठ गावांतले दिवे आमच्या घाण्यावर पेटायचे. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा मी विशीतली होते. माहेरी परत आले आणि घाण्याच्या बैलामागं फिरायला लागले.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. कळंबच्या एका माणसानं विलायती कंपनीच्या घासलेटचा डेपो घेतला होता. घासलेट आधीही मिळायचं, पण ते मोठ्या घरांचं काम होतं. त्या साली त्याचा भाव एकाएकी कोसळला आणि मग कोसळतच राहिला. बाजाराच्या दिवशी डेपोवाला डब्यांनी भरलेली गाडी घेऊन आला आणि बरोबर आमच्या घाण्यासमोर उभी केली.

"जुना दिवा द्या अन् काचेची चिमणी फुकट न्या," तो ओरडायला लागला.

बायका घरी पळाल्या आणि पणत्या, मातीचे दिवे घेऊन आल्या. आमच्या तेलानं काळ्या झालेल्या त्या पणत्यांचा त्यानं आमच्या दारात ढीग घातला. मग गड्याला सांगितलं, "फोड." गडी पायानं एकेक पणती फोडत गेला. लोक हसत होते. वडील घाण्याच्या लाकडी लाटेला हात लावून उभे होते. डेपोवाला त्यांच्याकडं वळून म्हणाला, "तेल्या, बैल इकून टाक आता. लईच वाटलं तर सोताच फिर घाण्याभोवती."

 गाडी गेल्यावर वडिलांनी खराटा घेतला आणि खापऱ्या लोटून काढल्या. मी हातातला खराटा घ्यायला गेले तर दिला नाही.

शेजारी एक चाचा राहायचे. ते इराणात तेलाच्या विहिरींवर कामाला होते, त्याच सुमाराला परत आले होते. मी त्यांना विचारलं, "चाचा, मातीतून काढायचं, समुद्रावरून आणायचं, आन् तरी आमच्या तेलापरीस स्वस्त कसं?"

"बेटी, तिकडं तेल लई निगालंय," ते म्हणाले. "एका कंपनीनं खोदलं म्हणून दुसरीनं खोदलं. आता ठेवायला जागा न्हाय. टाक्या भरल्या, जहाजं भरून बंदरात उभी, उतरवायचं कुठं? म्हणून नव्या विहिरी खोदणं बंद केलं, चालू होत्या त्यांची तोंडं बंद केली, आन् आमाला घरी पाठवलं. जे काढून ठेवलंय ते इकायलाच पायजे. कंपनी कंपनीवर चढलीया, पडंल त्या भावानं इकत्यात."

म्हणजे तेलाच्या ज्या पुरानं चाचांचा रोजगार नेला, तोच आमच्या दारात आला होता. चाचा हे सांगताना शांत होते. मला ते जमलं नाही. मी विचारलं, "जहाजं यायची थांबली तर?"

"तर भाव आभाळाला भिडंल."

त्या दिवसापासून मी रोज दिवा लावताना एकच मागणं मागायला लागले, देवा, जहाजं बुडू दे. एकदा चाचांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बेटी, जहाजावर माणसं असत्यात." मला ते पटलं. तरी मागणं काही मी सोडलं नाही.

वर्षभरात करंजाच्या तेलाला गिऱ्हाईक उरलं नाही. बैल विकावा लागला. आजूबाजूच्या दोन घाण्यांचं तेच झालं. वडील बंद घाण्यापाशी बसून राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. गावात कुणी हसलं की आपल्यालाच हसतायत असं त्यांना वाटायचं.

मग लढाई लागली. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला आणि तिकडून येणारं तेल बंद झालं. समुद्रात आगबोटी बुडाल्याच्या बातम्या यायला लागल्या. माझं मागणं असं पुरं होताना ऐकून चाचांचं बोलणं मला आठवलं, हे खरं. पण मी घरात बसून राहिले नाही. दंडातल्या चांदीच्या वाक्या मोडल्या आणि एक म्हातारा बैल आणला. बायका घेऊन नदीकाठच्या करंजाच्या शेंगा वेचल्या, फोडल्या, बी वाळवलं. घाणा पुन्हा कुरकुरायला लागला.

डेपोवर घासलेट कार्डावर मिळायचं. माणसं कळंबला चालत जायची आणि तो सांगायचा, "डबा आलाच न्हाय." पण त्याच्याकडचे डबे मागच्या दारानं बार्शीच्या व्यापाऱ्याकडं जायचे, हे गाडीवानांनी गावभर केलं होतं. फुकटच्या चिमण्या कोरड्या पडल्या. ज्या बायकांनी पणत्या फोडायला आणून दिल्या होत्या, त्याच कुंभाराकडून नव्या पणत्या घेऊन माझ्या दारात आल्या. मी सगळ्यांना तेल दिलं. माझा राग त्यांच्यावर नव्हता.

एक दिवस डेपोवाला स्वतः आला. सगळा माल विकून बसला होता, आणि नेमकं लेकीचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त गोरजाचा, वऱ्हाड बार्शीचं. मांडवाला दिवे, वरातीला मशाली. दिव्याचं तेल आता सगळ्या भागात एकट्या माझ्याकडं होतं, कारण बाकीचे घाणे त्यानंच बंद पाडले होते.

"तेलीणबाई, तेवढं तेल लागंल," तो म्हणाला. 'बाई' म्हणाला.

"दिते की," मी म्हणाले. "लग्नादिवशी दुपारी गाडी धाडा. ताजं गाळून ठिवते."

वडील आत खाटेवर होते. तो गेल्यावर म्हणाले, "देनार हायेस?" मी बैलाला वैरण टाकायला गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरोघर फिरले. प्रत्येक उंबऱ्याला एकेक गाडगं तेल दिलं. मारुतीच्या देवळात दिलं, मशिदीत दिलं, कळंबच्या वाटेवरच्या वस्त्यांवर आणि खुद्द कळंबातल्या घरांतही दिलं. कुणाकडून काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा गाडीवान आला तेव्हा तेलाच्या बुधल्यात थेंब नव्हता.

"मालकाला काय सांगू?" तो म्हणाला.

"सांग, तेलीण घाण्याभोवती फिरतीया. झालं की दील."

संध्याकाळी मी चालत कळंबला गेले आणि रस्त्याच्या पलीकडं उभी राहिले. अक्षता पडल्या तोवर उजेड होता. पंगत बसेपर्यंत अंधार पडला. मांडवात कुठं कुठं चार पणत्या, तेवढ्याच. डेपोवाल्याची माणसं दारोदार तेल मागत होती, आणि ज्यांना त्यानं कोरड्या डब्यांनी परत पाठवलं होतं ते लोक दारातून "न्हाय" म्हणत होते. त्यांच्या घरात दिवा दिसत होता तरी. वाढप्याच्या हातून आमटी कुणाच्या तरी अंगावर सांडली. वरबाप ताटावरून उठला. "घासलेट इकतो आन् मांडवात अंधार?" तो मोठ्यानं म्हणाला. वरात निघाली नाही. सकाळी उजाडल्यावर वऱ्हाड मुलीला घेऊन मुकाट गेलं.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, म्हणून जवळ गेले तर हसत होते. त्या रात्री त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. वरबाप उठला ते तीनदा.

पुढं कळलं की मुलीला सासरी 'अंधारातली' म्हणायचे. पोरं झाली तरी म्हणायचे. हे ऐकलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिनं माझं काही केलं नव्हतं. तिच्या बापाला माझा वार लागला, तो तिच्या अंगावरून गेला.

लढाई संपली. हळूहळू जहाजं यायला लागली, घासलेट परत आलं, स्वस्त झालं आणि डेपोवाला पुन्हा उभा राहिला. "तेलणीच्या घरात थेंब जाता कामा न्हाय," असं त्यानं गड्यांना बजावलं होतं. शेजारणी आणून द्यायच्या. वडील तोवर गेले होते. करंजाचं तेल आता खरंच संपलं. कळंबला तेलाची गिरणी येईस्तोवर मी करडई गाळत राहिले.

एकदा बाजारात आम्ही समोरासमोर आलो. तो काठी टेकत होता. थांबला आणि म्हणाला, "माझ्या लेकीचं लग्न तू नासवलंस."

"व्हय," मी म्हणाले.

तो उभाच राहिला. मी आणखी काही म्हणेन, माफी मागेन किंवा भांडेन, असं त्याला वाटलं असावं. मला मिरच्या घ्यायच्या होत्या. मी पुढं गेले.