आखरावर उभी गुरं

माझ्या मामाची वाडी कंधारच्या वर, डोंगरमाळावर आहे. बस खालच्या फाट्यावर सोडते, पुढची चढण पायी. माझी शाळा नांदेडची, इंग्रजी माध्यमाची. वाडीत बोलायला तोंड उघडलं की शब्द पुस्तकी यायचे, म्हणून मी बहुतेक बघतच बसायची. गेल्या वर्षी राहायला गेले तेव्हा दोनच घरांत चूल पेटत होती. एक मामाचं, दुसरं समोरच्या तात्यांचं.

वाडीची गुरं एकत्र चरायला जातात. सकाळी ज्यानं त्यानं आपली जनावरं आखरावर, म्हणजे वाडीबाहेरच्या मोकळ्या जागेत, सोडायची आणि घरी यायचं. ज्याची बारी असेल तो सगळी डोंगरावर नेतो. घरं भरलेली होती तेव्हा बारी कधीमधी यायची. आता एक दिवस मामा, एक दिवस तात्या. मामाचा गुडघा गेलेला. एक दिवसाआड तो कसाबसा चढायचा. रोज जमणार नाही, हे मलाही दिसत होतं.

एका संध्याकाळी तात्या येऊन ओट्यावर बसले. लातूरच्या लेकानं कायमचं बोलावलंय, म्हणाले. गुरं व्यापाऱ्याला दिली, उद्या टेम्पो येतोय.

"तिथं दिसभर काय करणार तात्या?" मामानं विचारलं.

"नातू राखायचा. गुरं काय अन् नातू काय. फकस्त त्याला विंग्रजीत हाकावं लागंल." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चार शब्द शिकवून ठेव गं माय."

मामी हसली. मामा म्हणाला, "म्हंजी माझी बारी रोज."

तात्या सुपारी कातरत राहिले.

टेम्पो गेला, तात्यांच्या दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी मामानं गुरं नेली आणि संध्याकाळी भिंत धरत घरात आला. त्याच्या पुढच्या सकाळी गुरं आखरावर सोडून तो परत आला, चहा प्याला आणि दावं वळत बसला. मामी रानात गेली होती. ती दुपारी आखरावरून आली ती तडक त्याच्यासमोर उभी राहिली.

"आवं, आज बारी कुणाची?"

"तात्याची," मामा मान वर न करता म्हणाला. मग त्याचे हात थांबले.

आम्ही तिघं आखराकडं गेलो. गुरं उन्हात तशीच उभी होती, डोंगराच्या वाटेकडं तोंड करून. कुणी हाकलं नव्हतं म्हणून हलली नव्हती. गाभण लाल गाय खाली बसून धापा टाकत होती. तिला उठवताना मामा स्वतःच गुडघ्यावर आला. मी हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही.

हौदावर गुरं पाणी प्यायला लागली तेव्हा तो म्हणाला, "सुटून कुणाच्या पिकात शिरली असती तरी बरं झालं असतं. शिव्या द्यायला तरी कुणी आलं असतं."

"कोण येणार हाय?" मामी म्हणाली.

घरी आल्यावर त्यानं मला तात्यांना फोन लावायला सांगितला. "तात्या, त्या टेम्पोवाल्याला इकडं धाडा," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हाव, समदीच. लाल गाय तेवढी ऱ्हाऊ द्या, गाभण हाय."

मामी त्याच्या गुडघ्याकडं बघत होती. तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

"ती बी न्या," मामा म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला.