आढ्याला बांधलेली घोंगडी

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली आणि कवठे महांकाळच्या पूर्वेला, माळावरच्या वस्तीत, कोंडीबानं घरावरचं मातीचं धाबं उतरवून पत्रा घातला. वस्तीतला तो पहिलाच पत्रा. एस.टी.तली माणसं माना वळवून बघतात, असं तो ज्याला त्याला सांगे. आत त्याची बायको हरणाबाई पत्र्याच्या झळीनं भाजून निघत होती. चूल पेटायच्या आधीच तिच्या हनुवटीवरचा घाम परातीत पडे.

आणि चैत्रात लेक अंजना पहिल्या बाळंतपणाला यायची होती.

कोंडीबा म्हणाला, पोरीला सासरीच राहू द्यावं. या भट्टीत तान्हं मूल टिकायचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत हरणाबाईनं घातलेली नव्हती, पण ती मोडायलाही ती तयार नव्हती. पत्रा काढा, म्हणाली. तो हसला. मग वर माती तरी टाका, म्हणाली. चमक झाकायची तर पत्रा घातला कशाला, असं त्याचं म्हणणं.

तो मेंढरामागं गेल्यावर तिनं घरातली होती नव्हती ती घोंगडी काढली. शेजारच्या मनुबाईला हाताशी घेऊन ती वाशांना खालून ताणून बांधली आणि वरच्या पोकळीत यंदाच्या कातरणीची सगळी लोकर कोंबली. पंचांना बसायला घालायचं काळं घोंगडंही सुटलं नाही.

संध्याकाळी कोंडीबानं वर पाहिलं. "अगं, लोकरीनं ऊब येती. पोरीला शिजवतीस का काय?"

"आवं, वैशाखात डोस्क्यावर घोंगडं घिऊन हिंडता, तवा शिजला न्हाईसा ते?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कोंडीबा पंचांना घेऊन आला. पुढं म्हातारा बिराप्पा. देवाधर्माचं, शपथेचं घोंगडं बाईनं वाशाला टांगलं, म्हणून सगळे तापलेले. उंबऱ्याच्या आत येऊन ते उभेच राहिले. घोंगडं अंथरल्याबिगर पंच बसत नाहीत.

"घोंगडं वर हाय," हरणाबाई म्हणाली. "भुईवर बसा."

"देवाचा मान ठेवलास व्हय गं ह्यो?" बिराप्पानं विचारलं.

"तुमी त्येच्यावर बसता. मी डोईवर घेतलंय. मान कुणी जास्त ठिवला?"

बाहेर माळ रटरटत होता; आत घोंगड्यांखाली झळ लागत नव्हती. पंच सारवलेल्या भुईवर टेकले. बिराप्पानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला, भिंतीला पाठ लावली. बोलणं काही पुढं सरकेना, आणि उन्हं उतरेपर्यंत कुणी उठलंही नाही.

उठताना बिराप्पा कोंडीबाला एवढंच म्हणाला, "पोरीला आणाय कवा जातूस रं?"

हरणाबाई बाळंतिणीच्या बाजेची सुंभं ताणत होती. तिनं मान वर केली नाही.