गुरुदासागेर

"पुता, म्हाका गुरुदासागेर देंवय."

शेवंतमावशी पेडण्याच्या बाजारातून परतताना बसमध्ये चढली की कंडक्टरला एवढंच सांगायची आणि अबोलीची जवळजवळ रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसायची. म्हणजे, मला गुरुदासाच्या घरी उतरव. कंडक्टर नवा असला की गोंधळायचा. मग मागून कोणीतरी हसत ओरडायचं, "अरे, तिका शहिदाकडे देंवय!"

गुरुदास तिचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. फौजेत गेला आणि सरहद्दीवरच्या लढाईत पडला. आमच्या वाड्यावरच्या थांब्याला त्याचं नाव द्यायची कल्पना माझी, समारंभातलं भाषणही माझंच. फलकावर 'शहीद गुरुदास बसथांबा' असं झोकात लिहून घेतलं. पण एवढं लांबलचक नाव घेतो कोण? वर्षभरात नुसतं 'शहीद' उरलं. शहिदाकडे मासळीवाली आलीय, शहिदाकडे खड्डा पडलाय, संध्याकाळी शहिदाकडे दारुडे बसतात. कोणालाच त्यात काही वाटेना. मलाही नाही.

मावशीने मात्र तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. थट्टा झाली की म्हणायची, "तुमचो शहीद खंय रावता म्हाका खबर ना. म्हजो झील हांगा रावता." शहीद कुठे राहतो ते तिला ठाऊक नव्हतं, तिचा मुलगा मात्र इथेच राहत होता. उतरली की फलकावरची धूळ पदराने पुसायची, विकायचा राहिलेला एखादा वळेसर, अबोलीचा गजरा, खिळ्याला अडकवायची आणि "येतां रे" म्हणून घराकडे वळायची. मला ते जरा अतीच वाटायचं.

एकदा बसमध्ये मी फोनवर मोठ्याने सांगत होतो, "सिमेंट शहिदाकडे उतरव. कचऱ्याचा ढीग आहे ना, त्याच्या बाजूला." फोन ठेवला तर पुढच्या बाकावरून मावशी वळून माझ्याकडे बघत होती. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "शाळेंत हजेरी घेतना तुमी ताका नांवान आपयताले न्ही?"

हजेरीला मी त्याला नावानेच हाक मारायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरताना तिच्या मागे राहिलो, ती दिसेनाशी होईपर्यंत थांब्याजवळच्या दुकानात उगाच काहीबाही विचारत उभा राहिलो.

गेल्या महिन्यात मावशी गेली. तिच्या बाराव्याच्या दिवशी मी पेडण्याहून परतत होतो. आज तरी नीट सांगायचं असं ठरवलं होतं. वाटभर मनातल्या मनात घोकत होतो, गुरुदासागेर, गुरुदासागेर.

"खंय देंवतलात?" नव्या कंडक्टरने विचारलं.

बस गच्च भरली होती. लोक हसतील, असं वाटून गेलं.

"शहीद," मी म्हणालो.