नागनाथाच्या रांगेतली उपाशी बाई

औंढ्याच्या नागनाथाचा माझा अनुभव आमच्या वसमतमध्ये पुष्कळांनी ऐकला आहे. भजनाला बसलो की कुणीतरी तो सांगायला लावायचं आणि मी सांगायचो. पण पुरा कधीच सांगितला नाही. त्यातला एक भाग मी इतकी वर्षं टाळत आलो. आता थकलो आहे. ज्यांची श्रद्धा माझ्या शब्दांवर बसली, त्यांना खरं कळावं म्हणून हे लिहितो.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटची. माझ्या पत्नीला शुगर होती, त्यातच अर्धांगवायूनं तिची डावी बाजू लुळी पडली. नागनाथाला जायचं तिच्या फार मनात होतं. दोन वर्षं मी आज-उद्या करत राहिलो, कारण तिला उंबऱ्याबाहेर न्यायचं म्हटलं की निघण्याआधीच माझं अंग गळून जायचं. शेवटी गर्दी नसावी म्हणून श्रावण टाळून एक साधा सोमवार धरला. जीप सांगितली. घडीची खुर्ची, काठी, जादा लुगडं, रबरी चादर, बर्फाच्या थर्मासात इन्सुलिनची बाटली. लघवीला कुठं थांबायचं, तेही कागदावर लिहिलं. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या अरुंद. म्हणून ती वर बसेल आणि मी खाली जाऊन तिच्या नावानं बेल वाहीन, हेही ठरवलं. सामान पाहून जीपवाला म्हणाला, "काका, काकूला दर्शनाला नेऊन राहिले का नांदायला?" ती बऱ्याच दिवसांनी हसली.

इन्सुलिनची सातची सुई मी बरोबर सातला दिली. सुईनंतर अर्ध्या तासात खायला द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोमवारी दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही, हा आमच्या घराचा नेम, माझ्या वडिलांपासूनचा. मास्तरकी केलेला माणूस मी, वेळेचा हिशोब मनात मांडला: आठला पोचू, साडेआठला दर्शन, मग खाणं. एवढ्यानं काय होतं, असं वाटलं. औंढ्याला उतरलो तेव्हा समोरच्या हॉटेलात पोह्यांची कढई वाफाळत होती. ती म्हणाली, "अहो, मला भूक लागून राहिली. हात बी थरथरायलेत."

मी म्हणालो, "नेमानं इथवर आलीस, आता थोडक्यासाठी मोडू नको."

माझ्याशी वाद घालायची तिला सवय नव्हती.

नेमके त्याच वेळी बाहेरगावचे दोन टेम्पो आले होते. रांग हलेना. ती खुर्चीवर घामानं भिजली, मग काहीबाही बोलू लागली, मग मान कलली. लोक मागं सरकले. कुणी म्हणालं वारा घाला, कुणी म्हणालं अंगात आलं. मी तिचं नाव घेत नुसता उभा होतो. तेवढ्यात रांगेतून तांड्यावरची एक वयस्कर बाई पुढं आली. आरशांच्या कामाची ओढणी, हातात नैवेद्याचं ताट. तिनं विचारलं, सुई घेते का? मी मान हलवली. तिनं ताटातला गूळ फोडला आणि तळहातावर पाण्यात कालवायला घेतला. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बाई, अजून दर्शन व्हायचंय."

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "देवाला घाई न्हाई बाबा. माझी सासू बी अशीच पडायची. हिचं डोकं धरा बराबर."

मी डोकं धरलं. ती बोटानं हिरड्यांना गूळ लावत राहिली. बऱ्याच वेळानं पत्नीनं डोळे उघडले आणि आधी पदर सारखा केला. उरलेला गूळ घेऊन ती बाई गाभाऱ्यात उतरली, येताना एक बेलाचं पान आणून पत्नीच्या मांडीवर ठेवलं.

पुढं भजनात मी सांगायचो की ती बाई आली तशी दिसेनाशी झाली. तसं झालं नव्हतं. ती टेम्पोजवळ तिच्या माणसांत भाकरी खात बसली होती, मला स्पष्ट दिसत होती. नाव विचारायला, हात जोडायला मी गेलो नाही. मला लाज वाटली. म्हणून मीच तिला अदृश्य करून टाकलं. नागनाथानं त्या दिवशी माझं घर वाचवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यासाठी त्या बाईनं दिसेनासं होण्याची गरज नव्हती, एवढं मला फार उशिरा उमगलं. शरण जाणं म्हणजे माझा नेम त्याच्या पायाशी सोडणं होतं, आणि मी तोच घट्ट धरून बसलो होतो.

पत्नी त्यानंतर सहा वर्षं जगली. मी अनुभव सांगायचो तेव्हा ती शेजारी बसून ऐकायची. एकदाच, घरी आल्यावर, तिनं विचारलं, "त्या बाईचं सांगता, पोह्याचं काहून सांगत न्हाई?" मी पेपर उघडला.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, एका दुपारी ती चांगली शुद्धीवर होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणालो, "औंढ्याला त्या दिवशी..." ती म्हणाली, "तुमी जेवलात का? आधी जेवून या." मी उठलो, कँटीनमध्ये जाऊन जेवलो. परत आलो तर तिला ग्लानी आली होती, आणि मग ती बोललीच नाही.

मला एवढंच म्हणायचं होतं, की तू भूक लागली म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं.