दोन महिन्यांचा श्रावण

दर श्रावणात मी महिनाभर दारू सोडतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुन्हा मित्रांसोबत बसतो. त्या वर्षी बायको म्हणाली, "तुमच्यानं नाई होत." मी तडकलो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ओरडलो, "करीपर्यंत थेंब घेतला तं सांगजो!"

बायकोनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढं धरलं. अधिकमास होता. श्रावण दोन महिन्यांचा. "आता पाळा," ती म्हणाली. मी शिवी गिळली.

पहिला महिना सवयीनं निघाला. एकतिसाव्या दिवशी अकोल्यात कोणाला न सांगता बस धरली आणि अमरावती गाठली. तिथं मला कुत्रंही ओळखत नव्हतं. बारच्या दारात पोचलो तेव्हा पाहिलं, पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हात मी खिशात कोंबून धरला होता.