हॉटेलच्या गच्चीत वाळवण

नाशकातल्या आमच्या उद्योगगृहात निराधार बायका पापड लाटत आणि मी देखरेख करी. देखरेख म्हणजे मुख्यतः खेकसणे. उडदाचा पापड सावलीत वाळवावा, उन्हात घातला की तो वळतो, हे मी उठताबसता बजावी. वाकडा पापड दिसला की उचलून बाजूला फेकी.

लग्नसराई संपली की मागणी बसे. त्या वर्षी तर इतकी बसली, की पावसाळ्यात बायकांना घरी पाठवावे लागेल अशी वेळ आली. आणि ‘घरी’ म्हणजे कुठे, हे त्यांनाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात आमच्या कमिटीतल्या एका व्यापाऱ्यांनी मुंबईत समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलाशी बोलणे लावले. साहेबलोक जेवणाआधी पापड खातात. नमुना पसंत पडला तर बारमाही काम मिळेल. नमुन्याच्या पापडांचा डबा घेऊन मी गेले. हॉटेलाचाही हंगाम पडता होता, म्हणून मला उतरायला खोलीही तिथेच दिली.

खोलीत आमच्या साऱ्या बायकांची पंगत बसली असती. पलंगावर टेकले तर कमरेपर्यंत बुडाले. मग सतरंजी टाकून खालीच झोपले. न्हाणीघरात घंगाळ नव्हते, माणूस आडवे मावेल असे पांढरेशुभ्र टाके होते. त्यात बसायचे म्हणजे आपल्याच मळात भिजत पडायचे. मी ते भरले, बाहेर उभी राहिले आणि तांब्याने अंघोळ उरकली. पाणी गालिच्यापर्यंत गेले, त्याची चौकशी मी केली नाही.

पण खरा पराक्रम त्याआधीच करून ठेवला होता. निजण्यापूर्वी पापडांना हवा लागावी म्हणून डब्याचे झाकण काढून तो उघड्या खिडकीत ठेवला होता. नाशकात मी नेहमी तसेच करी. समुद्राचा वारा ओला असतो हे काही मला समुद्राने येऊन सांगितले नव्हते. सकाळी पाहते तो पापड ओल्या फडक्यासारखे लोळत पडलेले. आणि दुपारी ते तळून दाखवायचे!

मी दुसरे लुगडे काढले, खोलीपुढच्या गच्चीत भर उन्हात पसरले, त्यावर पापड मांडले आणि कावळे हाकायला छत्री घेऊन बसले. खाली हिरवळीवर साहेबमडमांचा चहा चालला होता. एका कावळ्याने माझा डोळा चुकवून पापड उचलला आणि नेमका तिथे टाकला.

पारशी मॅनेजर धापा टाकत वर आला.

“अरे बाई, हे काय मांडलाय? हे हाटेल हाय का पापडचा कारखाना?”

“वाळवण आहे. पाय जपून ठेवा.”

“आणि खाली मडमच्या चहात पडला, ते?”

“तो नमुना समजा.”

तो हसला नाही. “दुपारी आचारी तळेल. बरा निघाला तर ठीक, नाय तर सांजची गाडी हाय तुमची.”

दुपारपर्यंत पापड वाळले खरे, पण एकूणएक द्रोणासारखे वळले. असला माल माझ्यापुढे आला असता तर मी लाटणारीला रडवले असते. गोवेकर आचाऱ्याने एकेक तेलात सोडला. तो फुलला आणि छान वाटीच झाली. त्याने गंमत म्हणून तीत कांदा-कोथिंबीर घालून मॅनेजरपुढे धरली. मॅनेजरने ती खाल्ली. दुसरी मागितली. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, “बाई, असाच वाकडा पाहिजे. सपाट तर समदेच देतात.”

मी उरलेले वाकडे पापडही पुढे सरकवले.

परत आल्यावर बायकांना सांगितले, काम मिळाले, बारमाही. कुणी कुठे जायचे नाही. त्यांनी डोळे पुसले, नाके पुसली. मग मी घाईघाईने पुढचे सांगितले. जिचे पापड मी सर्वांत जास्त फेकले होते, ती आमची सर्वांत थोरली बाई लाटणे थांबवून बघत राहिली.

“म्हंजी उन्हातच घालायचे?”

“हो.”

“वाकडे?”

“हो.”

“अन् एखादा मेला सरळच निघाला, तर वो बाई? फेकायचा?”

बाकीच्या पदर तोंडाला लावून बसल्या. मी म्हटले, “तो घरात खायला ठेवा.”

लाटलेल्या पापडांचे पाट उचलून सगळ्या उन्हात गेल्या. मी सावलीत बसून राहिले. बाहेर देखरेखीची काही गरज दिसत नव्हती.