पान कापणारा पोपट

विडीच्या ओल्या पानांचा तुरट वास आला की खरं तर निपाणीतलं घर आठवायला हवं. मला आठवतो गुंजीच्या रानातला एक हिरवा पक्षी. पक्षी पाहायला जाणाऱ्या आमच्या गटात त्या सकाळी मी आईलाही नेलं होतं आणि सगळ्यांना सांगितलं होतं, "आई घरीच असते." ती विड्या वळते, हे सांगायची मला लाज वाटली होती. वाटेत फांदीवर चिमणीएवढा, आखूड शेपटीचा पोपट दिसला. "पोपटाचं पिल्लू," मी ठणकावून सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आई मात्र त्याच्या चोचीतल्या पानाकडं बघतच राहिली. "पिल्लू न्हाय गं ते. पिल्लू पान असं मापात कापंल व्हय? चाळीस वर्षं विडीची पानं कापल्यात मी, कापणारीला वळखत न्हाय काय?" माझे कान तापले. तेवढ्यात त्या पक्ष्यानं पानाच्या कडेची सरळ पट्टी चोचीनं कातरली, मान वळवून पाठीवरच्या लाल पिसांत खोचली आणि लगेच दुसरी कापायला घेतली. "घरटं करतीया. चांगली मोठी बाई हाय ती," आई म्हणाली. आम्ही पुस्तक उघडलं. उलटा लटकून झोपणाऱ्या लटकन पोपटाची मादी अशाच पट्ट्या पिसांत खोचून नेते, असं त्यात लिहिलं होतं. गटाच्या वहीत 'ओळख कोणी पटवली' या रकान्यात मी आईचं नाव लिहिलं आणि पुढं, कुणी विचारलं नसताना, 'विडी कामगार, निपाणी'. ते 'घरीच असते' मी आजवर पुन्हा बोललेली नाही.